स्मृती निधी: नवा ट्रस्ट काढावा की चालू ट्रस्टकडं ठेवावा?

शाहूपुरीकर:
धार्मिक सलोखा, जातिअंत आणि एकल महिलांचे हक्क यांसाठी हयातभर झटलेल्या आमच्या सरांच्या नावानं निधी करायचाय. 10 लाख जमतील. मुद्दल न मोडता व्याजातून जिल्ह्यातल्या छोट्या गटांना मदत द्यायची, त्यातले बरेच बिननोंदणीचे. ट्रस्ट काढावा का? तोवर पैसे माझ्या खात्यावर घेतले तर चालतील?

हिशेबनीस:
10 लाखांसाठी नवा ट्रस्ट नको. 7 टक्क्यांनी वर्षाला 70,000 येणार, त्यातला मोठा घास ऑडिट आणि कागदपत्रंच खाणार. उद्दिष्टं जुळणारा, 80जी (देणगीदाराला आयकरात सूट देणारी मान्यता) असलेला चालू ट्रस्ट गाठा. सरांच्या नावानं स्वतंत्र खातं, स्वतंत्र एफडी. व्याज कशावर खर्चायचं, निवड समितीत तुमचे किती, हे विश्वस्तांच्या लेखी ठरावात हवं; तोंडी शब्द पुढचे विश्वस्त कशाला पाळतील?

देणगीदाराकडून "रक्कम कायम निधीसाठी" असं लिहून घ्याच. पावतीवर नुसतं 'देणगी' पडलं तर ते त्या वर्षाचं उत्पन्न ठरतं, आणि त्याचे 85 टक्के त्याच वर्षी खर्चावे लागतात. म्हणजे मुद्दलच गेलं की!

तुमच्या खात्यावर अजिबात नको. व्याज तुमच्या पॅनवर चढेल, देणगीदाराला 80जी मिळणार नाही. वर्गणी जाहीरपणे मागणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची परवानगीही लागते, गणेश मंडळं काढतात तशी.

कसबा_बावडा:
सहमत. शिवाय एक टक्का जादा मिळतो म्हणून पतसंस्थेत ठेवू नका. आपल्याकडं हा मोह फार. ट्रस्टच्या पैशाला ते चालत नाही. शेड्युल्ड (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली) बँक नाहीतर पोस्ट बरं. 80जी हवं असेल तर रोख 2,000 पर्यंतच.

गडहिंग्लज_लाइन:
वाटपाचं सांगतो. 70,000 मधले 10,000 मुद्दलात घाला; 85 टक्के खर्चून उरणाऱ्या 15 टक्क्यांच्या आत बसतात. तेवढं न केल्यास महागाई निधी पोखरते. उरलेल्यात 15,000 च्या चार मदती. बिननोंदणी गटाच्या म्होरक्याच्या नावानं चेक फाडू नका, त्यावरून गट फुटतात. हॉलभाडं, छपाई, जेवण यांची बिलं ट्रस्टच्या नावानं घेऊन ट्रस्टनंच भागवावीत. एसटीची तिकिटं व्हाउचरला डकवायची. अर्ज एक पानी, मराठीत. प्रोजेक्ट रिपोर्ट मागितलात तर शहरातलेच गट येतील.

शाहू-आंबेडकरांच्या माणगाव परिषदेचा दिवस म्हणून 21 मार्चला वाटप ठेवायचं मनात येईल. नको. बिलं एप्रिलात येतात आणि खर्च पुढच्या आर्थिक वर्षात जातो. 26 जून, शाहू जयंती धरा. कामाला नऊ महिने मिळतात.

शाहूपुरीकर:
ठरावाचा मसुदा आधी करतो. निवड समितीत किती जण असावेत?

गडहिंग्लज_लाइन:
पाच. दोन तुमचे, एक ट्रस्टचा, दोन तालुक्यातल्या कार्यकर्त्या. ज्याच्या गटाचा अर्ज असेल त्यानं त्या बैठकीला बसायचं नाही, हे ठरावातच घाला.