सिकाडांच्या ‘ब्रूड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेत सतरा वर्षांनी जमिनीतून वर येणाऱ्या सिकाडा या कीटकांवर लेख लिहिते आहे. ‘ब्रूड १०’ला ‘पिलावळ’ म्हणू की ‘पिढी’?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नकोत. कोंबडीच्या मागे फिरते ती पिलावळ. कुत्र्या-मांजरांची एका विणीची पिल्लं, म्हशीचं तिसरं वेत, हे सगळे शब्द एका आईपाशी येऊन थांबतात. इंग्रजी ब्रूडचा मूळ अर्थही एका वेळी उबवलेली पिल्लं असाच आहे. शिवाय माणसांबद्दल ‘पिलावळ’ म्हटलं की त्यात तुच्छता येते, ती वेगळीच.

सिकाडांच्या ब्रूडचा आईशी संबंध नाही, सालाशी आहे. एकाच चक्रातले जे एकाच वर्षी वर येतात, ते एक ब्रूड. त्यात तीन-तीन जातीही असतात. अमेरिकी कीटकतज्ज्ञ चार्ल्स मार्लॅट यांनी १८९८ मध्ये त्यांना रोमन आकडे दिले : १ ते १७ सतरा वर्षांच्या चक्रासाठी, १८ ते ३० तेरा वर्षांच्या. यातले बरेच आकडे रिकामेच राहिले, आज पंधराएक ब्रूड मानतात.

‘पिढी’ तर अर्थच उलटा करते. ब्रूड १० हे २००४ मध्ये आलं आणि २०२१ मध्येही. पिढ्या दोन, ब्रूड एकच.

आणखी एक मत : ‘तुकडी’ कसा वाटतो? शाळेतल्या अ, ब तुकड्यांसारखा.

उत्तर : मला हाच पटतो. फक्त ‘दहावी तुकडी’ लिहू नका, वाचणाऱ्याला इयत्ता वाटेल. ‘तुकडी १०’ लिहा. वाक्यात घालून बघितलं : ‘२०२४ मध्ये तुकडी १३ आणि तुकडी १९ एकाच वर्षी वर आल्या, असं याआधी १८०३ मध्ये घडलं होतं.’ कुठेही अडत नाही.

मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यातले सिकाडा दर चार वर्षांनी येतात. त्यांच्याबद्दल लिहिताना आकड्यांची गरजच पडत नाही, ‘यंदा आले’ एवढं पुरतं.

आणि कृपा करून ‘रातकिडे’ नको. हे भर दिवसा ओरडतात.

प्रश्नकर्ती : तुकडी ठरली. लेखात कनेक्टिकटमधल्या तुकडी ११ चा उल्लेख आहे. १९५४ नंतर ती दिसलेली नाही. ‘पिढी नामशेष झाली’ हे वाक्य मला खटकत होतं, ‘तुकडी नामशेष झाली’ बरोबर बसतं.