सल्ला हवा: मनिला गॅलियनवरची चोरटी चांदी कथेत कशी दाखवावी?

नीलसमुद्र (धागाकर्ती):
दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितेय. काळ १७४० च्या आसपासचा. मनिला गॅलियन म्हणजे मेक्सिको आणि फिलिपिन्समधलं मनिला यांच्यात माल आणि चांदी नेणारी स्पॅनिश जहाजं. मेक्सिकोतल्या अकापुल्कोहून स्पेनच्या राजाच्या परवान्यापेक्षा जास्त चांदी मनिलाला नेणारा व्यापारी हे मुख्य पात्र. सध्याच्या मसुद्यात तो पाण्याच्या पिंपांना दुहेरी तळ करून नाणी दडवतो. हे पटेल का? आणि चांदी किती दाखवावी?

टांकसाळ:
दुहेरी तळ काढून टाका, आधी वजनाचा हिशेब करा. आठ रियालांचं नाणं म्हणजे एक पेसो, सुमारे २७ ग्रॅम. हजारांची थैली २७ किलो. तीन थैल्यांची पेटी ८१ किलो, लाकडाचं वजन वेगळं. पिंपाच्या तळाशी दहा लिटरची पोकळी नाण्यांनी भरलीत तर साठेक किलो होतात. पिंप दोरावर उचललं की खलाशाच्या लगेच लक्षात येईल.

उलट, पाच लाख पेसो म्हणजे साडेतेरा टन असले तरी जागा लागते दोन-सव्वादोन घनमीटर, एका मोठ्या कपाटाएवढी. म्हणजे जहाजावर जागेची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती १६७ पेट्या किनाऱ्यावरून होडीत आणि होडीतून जहाजावर चढवायची. प्रत्येक पेटीला दोन माणसं धरा, आणि त्या सगळ्यांची तोंडं बंद ठेवायची.

एक बारीक गोष्ट. मेक्सिकोच्या टांकसाळीत १७३२ पासून यंत्रावर पाडलेली गोल, कडेला नक्षी असलेली नाणी निघू लागली. त्याआधीची हातोडीने ठोकून कातरलेली, वेडीवाकडी. तुमच्या काळात पेटीत दोन्ही सापडायला हवीत. जुनी नाणी कडा कातरून हलकी केलेली असत, त्यामुळे ती नुसती मोजून घेत नसत, तोलूनही घ्यावी लागत.

गोदीकाठ:
वरच्याशी सहमत. खरी चोरी कागदावर होत असे, आणि तिची सुरुवात मनिलात.

१५९३ च्या हुकुमाने मनिलाहून अडीच लाख पेसोंचा माल आणि परतीला पाच लाखांची चांदी एवढीच मुभा होती. १७०२ मध्ये ती तीन आणि सहा लाख झाली, १७३४ मध्ये पाच आणि दहा लाख. तेव्हा तुमच्या कथेत मर्यादा दहा लाखांची धरा.

आता मनिलात काय करत? जहाजावरच्या जागेचे हिस्से पाडून त्यांच्या चिठ्ठ्या वाटलेल्या असत, त्यांना बोलेता म्हणत. एका हिश्शात रेशमाच्या गाठी दाबून दाबून जास्त कोंबायच्या आणि जाहीर किंमत कमी लिहायची. अकापुल्कोच्या जत्रेत तोच माल खऱ्या भावाने विकला जाई. विकून आलेली चांदी परवान्यात बसत नसे, कारण परवाना मनिलाच्या खोट्या किमतीशी बांधलेला. म्हणून तुमचा व्यापारी चांदी दडवायला लागतो तो अकापुल्कोत नाही, सहा-आठ महिने आधी, किमतीच्या यादीवर सही करताना. कथेचा पहिला प्रसंग तिथे घ्या असं मी आग्रहाने सांगेन.

अकापुल्कोत किल्लेदार आणि खजिन्याचे अधिकारी हाताशी असले की जास्तीच्या पेट्या जहाजावर चढत. ते हाताशी नसले की काय होतं, ते १६३६ मध्ये दिसलं. पेद्रो दे किरोगा हा तपासनीस आला, मालाच्या किमती नव्याने ठरवू लागला, आणि मनिलाच्या व्यापाऱ्यांनी माल पाठवणंच थांबवलं. बंदी कडक पाळली की व्यापारच बंद पडे, आणि राजाची जकातही बुडे. अधिकारी डोळेझाक का करत, याचं अर्धं उत्तर तरी यातच आहे. बाकीचं अर्धं लाच.

नीलसमुद्र:
फार उपयोगी! मग धोका नेमका कुठे दाखवू? आणि ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन अ‍ॅन्सनने पकडलेल्या गॅलियनचे आकडे वापरले तर चालतील?

टांकसाळ:
धोका मनिलाच्या अलीकडे. जहाज फिलिपिन्समधल्या सान बर्नार्दिनोच्या सामुद्रधुनीत शिरलं की मनिलाजवळच्या कावीतेच्या बंदरात तपासणी होण्याआधी पेट्या लहान होड्यांतून उतरवायच्या. तिथे प्रवाह जोरदार, होडी जड. शिवाय नोंद नसलेली चांदी बुडाली की मालकाला दावाच सांगता येत नाही, कारण कागदावर ती अस्तित्वातच नाही.

कागदकीडा:
अ‍ॅन्सनचे आकडे जपून वापरा. जून १७४३ मध्ये समार बेटाजवळ त्याने कोव्हादोंगा पकडलं. त्यावर १३,१३,८४३ पेसो आणि ३५,६८२ औंस बिनटंकी चांदी मिळाली. यातून दहा लाख वजा करून उरलेली सगळी चोरटी, असं लिहू नका. फिलिपिन्सच्या कारभारासाठी मेक्सिकोच्या खजिन्यातून जाणारी रक्कम (सितुआदो) व्यापाऱ्यांच्या परवान्याबाहेरची असे. ही चूक पुष्कळ लेखांत दिसते.

गोदीकाठ:
शेवट हिंदुस्थानाकडे न्यायचा असेल तर खरा धागा आहे. मनिलाचं बंदर इंग्रजांना बंद होतं, म्हणून मद्रासचे इंग्रज आर्मेनियन किंवा हिंदी व्यापाऱ्यांच्या नावाने जहाजं पाठवत. सुरतेहूनही जहाजं जात. कापड तिकडे, पेसो इकडे. मुघल मुलखात परकं नाणं चालत नसे, ते टांकसाळीत वितळवून रुपये पाडत. एका पेसोचे दोनाहून थोडे जास्त रुपये होत. एकदा मुशीत गेल्यावर कोणती चांदी नोंदवलेली आणि कोणती चोरटी, हे कुणालाच ओळखता येत नसे.