वॉटर लिलीची कळी उमलतच नाही – मदत हवी आहे

निमूट
डोकं फिरायची वेळ आली आहे. गच्चीवरच्या टाकीत वॉटर लिली आहे. पानं भरपूर, कळ्याही येतात, पण एक उमलेल तर शपथ! कळी पाण्याच्या वर येते, तीन-चार दिवस मिटून उभी राहते आणि मग मान टाकून पाण्यात जाते. आठ महिन्यांत निदान वीस कळ्या अशा गेल्या. रोज बघतो. ज्यांच्याकडून कंद आणला ते फोन उचलत नाहीत. काय चुकतंय? लवकर सांगा, आत्ता दोन कळ्या वर आहेत.

माळीबुवा
खत. दुसरं काही नाही. चिकणमातीच्या गोळ्यात खत भरा, वाळवा आणि महिन्यातून एकदा कंदापासून चार बोटं लांब खुपसा. माझ्याकडे एका टबात एका वेळी पाच फुलं असतात.

पाणकोंबडी
फुलाचा रंग? पाणी किती खोल? ऊन किती तास? कारंजं? फोटो? तुम्ही काहीच सांगितलेलं नाही.

निमूट
रंग कसा सांगू, उमललं तर कळेल ना! कळी बाहेरून हिरवट तपकिरी. पाणी दीड फूट, ऊन दिवसभर, कारंजं नाही. फोटो चढत नाहीये.

अळीमिळी
डास होतात का? गप्पी मासे सोडा.

निमूट
डासांचं विचारलेलं नाही.

सोनसळी
कमळाला चिखल लागतो दादा. टाकीत कुठलं जमणार? आमचं कमळ पाण्याच्या हातभर वर येतं.

कोरडा वैद्य
सोनसळीताई, तुमचं ते कमळ, यांची ती लिली. कमळाचं पान अखंड गोल, देठ बरोबर मधे, पाण्याचा थेंब त्यावर पाऱ्यासारखा पळतो. लिलीच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि पान पाण्यावर पसरतं. त्याची पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, वरच्या बाजूला असतात. खालची बाजू पाण्याला चिकटलेली, तिथे असून उपयोग काय? नात्यानेही दोघं लांबचे. कमळाचे भाऊबंद म्हणजे सिल्व्हर ओक. लिलीची शाखा इतकी जुनी, की एकदल-द्विदल ही वाटणी व्हायच्या आधीच ती वेगळी झाली.

माळीबुवा
सिल्व्हर ओक? काहीही! एक चिखलात, एक डोंगरात.

कोरडा वैद्य
दिसण्यावर नातं ठरत नाही, बुवा. जनुकं तपासल्यावर कळलेलं आहे. खताच्या गोळीतून नाही कळत.

पाणकोंबडी
भांडा नंतर. निमूट, पानाची कड कशी आहे? सरळ की कातरलेली?

निमूट
करवतीसारखी. पान खालून लालसर, हाताला लव लागते. पण मी कळीचं विचारतोय!

पाणकोंबडी
कळीचंच चाललंय. नुकतीच मान टाकलेली एखादी कळी काढा, ब्लेडने उभी चिरा आणि आत काय दिसतं ते लिहा.

निमूट
चिरली. आतून गडद गुलाबी, जवळजवळ लाल! पाकळ्या मऊ पडल्यात, एकीच्या टोकाला चुरगळल्याची काळी रेघ. मधोमध पिवळी वाटी, तिच्या काठावर आत वळलेली बारीक बोटं. त्यांच्यावर पुंकेसरांची झुंबड. अंगठ्याला पिवळी भुकटी लागली, पुसली तरी जात नाही. वाटी कोरडी आहे. कीड कुठेच नाही.

पाणकोंबडी
मग ही कळी नव्हेच, उमलून गेलेलं फूल आहे. पहिल्या खेपेला उमलतं तेव्हा त्या वाटीत पातळ रस असतो आणि पराग सुटलेले नसतात. तेव्हा फूल मादीच्या भूमिकेत. दुसऱ्या खेपेपासून वाटी सुकते, पुंकेसर फुटतात. तुमच्या अंगठ्यावर पराग आले म्हणजे फूल निदान दोनदा उघडून मिटलं. आता सांगा, रोज बघता म्हणजे किती वाजता?

निमूट
दुपारी, जेवण झाल्यावर. पाणी घालायला तेव्हाच वर जातो. सकाळी शिफ्ट असते.

पाणकोंबडी
हे आधी सांगायचं होतंत! कातरलेली कड, लवदार पान, लालसर फूल: ही रात्री उमलणारी लिली. दिवस मावळताना उघडते, सकाळी ऊन चढलं की मिटते. तीन-चार रात्री हा खेळ चालतो. मग देठ वाकून फुलाला पाण्याखाली नेतं. फळ धरलं तर तिथेच पिकतं. बिया फुगीर आवरणामुळे आधी तरंगतात, मग तळाला बसतात. म्हणजे मान टाकणं हा रोग नाही.

माळीबुवा
तरी खत घालाच. फुलं वाढतील.

सोनसळी
कुमुद म्हणजे रात्री उमलणारी लिली. चंद्राला कुमुदनाथ उगाच नाही म्हणत! पौर्णिमेला बघा.

कोरडा वैद्य
अमावास्येलाही उमलते. अंधार पडल्याशी मतलब.

निमूट
दिवसा उघडी ठेवायचा काही उपाय?

पाणकोंबडी
नाही. ढगाळ, गार दिवशी सकाळी जरा उशिरापर्यंत राहते, एवढंच. दिवसाच फूल हवं असेल तर दिवसा उमलणारी जात आणा.

भटक्या
अवांतर: अॅमेझॉनकडची व्हिक्टोरिया लिली पहिल्या रात्री पांढरी आणि दुसऱ्या रात्री गुलाबी असते. पहिल्या रात्री फूल आतून गरम होतं, वासाने भुंगेरे येतात, फूल मिटतं आणि ते आत कोंडले जातात. दुसऱ्या रात्री परागाने माखून सुटका. लागवडीतलं तिचं फूल इंग्लंडमध्ये पहिल्यांदा १८४९ मध्ये चॅट्सवर्थच्या बागेत तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने उमलवलं. दुसरं टोक म्हणजे जगातली सगळ्यात छोटी लिली, रवांडातली. १९८७ मध्ये गरम झऱ्याकाठी सापडली, पान जेमतेम १ सेंटिमीटर. २०१४ मध्ये तिचं एक रोप लंडनच्या क्यू उद्यानातून चोरीला गेलं!

माळीबुवा
प्रतिसाद काढून टाकला आहे.

निमूट
आत्ता वर जाऊन आलो. दोन्ही उघड्या आहेत. टॉर्चच्या उजेडात नुसत्या लाल. एकीच्या वाटीत रस होता, त्यात एक चिलट बुडालेलं. आठ महिने मी झोपायच्या आधी एकदाही गच्चीवर गेलो नाही! पाणकोंबडी, आभार. फोटो अजूनही चढत नाहीये.

अळीमिळी
चिलट की डास? नीट बघा.