बागेतला तो माणूस, पालकांनी प्लीज पूर्ण वाचा

बी-३०४: नमस्कार, मेसेज मोठा आहे पण लहान मुलं असणाऱ्यांनी वाचाच. आज सहा-साडेसहाला माझी मुलगी (दुसरीत आहे) आजीबरोबर महापालिकेच्या बागेत होती, आजी बाकावर, ही घसरगुंडीपाशी. एक माणूस, चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चष्मा, म्हणजे बघून कोणाला शंका येणार नाही असा, तिच्याजवळ आला आणि चक्क नावाने हाक मारली. मम्मीने पाठवलंय म्हणाला, गेटवर गाडी आहे, चल. ही मागे सरकली आणि जोरात आजीला हाक मारली. सासूबाई धावल्या तर हा हसत म्हणतो, "गंमत करत होतो हो आजी." आणि पळाला पण नाही, समोरच्या बाकावर बसून हिच्याकडे बघत राहिला. सासूबाईंचे हातपाय अजून थरथरतायत.

ए-२०२: बापरे!! कशीये ती आता? नाव कसं कळलं त्याला?

बी-३०४: जेवली थोडं, झोपत नाहीये. नाव पाण्याच्या बाटलीवर होतं, मार्करने मोठ्या अक्षरात. शाळेत हरवतात म्हणून सगळेच लिहितात ना.

सी-१०२: फोटो आहे का? टाका इथे, मी एरियाच्या सगळ्या ग्रुपवर टाकतो मुलं पळवणारी टोळी आलीय म्हणून. असल्यांना लोकांनीच धडा शिकवायला पाहिजे

बी-३०४: फोटो तिथल्या एका कॉलेजच्या मुलाने काढला, तो चौकीत दिलाय. ग्रुपवर नाही टाकणार दादा.

सी-१०२: का पण? बाकीच्यांच्या मुलांचं काय?

ए-६०१: मी बोलतो. माझं गाव साक्री तालुक्यातलं. १ जुलै २०१८ ला राईनपाड्याच्या आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं आली होती, भिक्षेवर पोट भरणारी, बहुतेक मंगळवेढ्याकडची. आधी कित्येक दिवस मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. एकजण लहान मुलीशी बोलला एवढंच निमित्त झालं. पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. टोळी वगैरे नव्हतीच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा आणली. तो मेसेज कृपा करून टाकू नका.

सी-१०२: काका पण तिथं नुसता संशय होता, हा तर खरंच चल म्हणालाय मुलीला

बी-३०४: म्हणूनच तर चौकीत गेले दादा. पण फोटोत चेहरा अर्धाच आलाय, तसा शर्ट नि चष्मा घालणारे इथे किती जण आहेत, उद्या भलताच कोणी लोकांच्या तावडीत सापडला तर? मला हाच माणूस सापडायला हवाय.

ए-२०२: पोलीस काय म्हणाले?

बी-३०४: अर्ज घेतला, सासूबाईंचा जबाब लिहून घेतला, संध्याकाळी बीट मार्शल बागेत चक्कर मारतील म्हणाले. पुन्हा दिसला तर घरी येऊन मग फोन असं नको, तिथूनच ११२ लावा. मुलांसाठी १०९८ पण आहे, चोवीस तास.

सेक्रेटरी: आपल्या गेटच्या कॅमेऱ्यात बागेकडचा रस्ता दिसतो. फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ५ ते ८ चं आत्ताच पेनड्राईव्हवर घेतोय. सकाळी चौकीत देऊ.

डी-४०३: मी शाळेत शिकवते म्हणून सांगते, अनोळखी माणसाशी बोलू नको एवढं सांगून भागत नाही, नाव घेऊन हाक मारणारा मुलांना अनोळखी वाटतच नाही. घरचा एक गुप्त शब्द ठरवा, कोणीही न्यायला आलं, अगदी मामा आला तरी, आधी शब्द विचारायचा. आमचा "कोथिंबीर वडी" होता, मुलं मोठी झाली म्हणून आता सांगतेय. आणि नाव बाटलीच्या बुडाशी लिहा, आयकार्ड शाळा सुटली की दप्तरात. तुझ्या लेकीने आजीला हाक मारली ना, तिला शाबासकी दे, तू धीट आहेस असं सांग. तिच्यासमोर सारखा तोच विषय मात्र नको.

बी-३०४: हो मॅडम. ती विचारतेय, तो काका रागावला असेल का माझ्यावर. काय सांगू तिला सुचेना.

डी-४०३: सांग की रागावला तरी चालेल, मोठ्या माणसालाही नाही म्हणता येतं. मी येऊ का खाली पाच मिनिटं?

बी-३०४: या ना प्लीज.

सी-१०२: ठीके, नाही टाकत मेसेज. उद्या साडेपाचपासून मी बागेत आहे, अजून कोण येतंय?

ए-६०१: मी आहे. मुलांना घेऊनच जाऊ, बाग काय त्याची नाही.