आरएसएसची बेरीज म्हणजे मेमरीचा वापर नव्हे

पेजफॉल्ट
लिनक्सच्या टॉप या कमांडमधला आरएसएसचा (प्रोसेसची रॅममध्ये असलेली मेमरी, सामायिक धरून) रकाना बेरजेला घेऊन 'सर्व्हरला रॅम कमी पडतेय' असं ठरवणं बंद व्हायला हवं. समजा, मुख्य प्रोसेसने १०० एमबी डेटा लोड केला आणि फोर्क करून, म्हणजे स्वतःच्याच प्रती काढून, ८ वर्कर प्रोसेस काढल्या. प्रत्येकाने स्वतःचे २० एमबी घेतले. टॉप प्रत्येक वर्करपुढे १२० एमबी दाखवणार, एकूण १०६० एमबी. रॅम गेली फक्त २६० एमबी! ते १०० एमबी सगळ्यांचे एकच आहेत. कोणी त्यात लिहीपर्यंत कर्नल (लिनक्सचा गाभा) वेगळी प्रत काढतच नाही. पीएसएस हा दुसरा आकडा ही सामायिक पानं (मेमरीचे छोटे तुकडे) ९ वाटेकऱ्यांत वाटतो, वर्करमागे साधारण ३१ एमबी, आणि बेरीज २६०वर येते. कर्नल ४.१४पासून प्रोसेसची माहिती देणाऱ्या प्रॉक फोल्डरमधल्या स्मॅप्स_रोलअप फाइलीत हा आकडा तयार मिळतो. मग आरएसएसला का चिकटून राहायचं?

रात्रपाळी
नाही पटलं. मेमरी भरत आली की माझा प्रश्न एकच असतो: हा वर्कर मारला तर किती सुटेल? पीएसएस म्हणतो ३१, सुटतात २०. ते यूएसएसवरून कळतं, म्हणजे फक्त त्याच्या खासगी पानांवरून. शिवाय ४ वर्कर संपले की उरलेल्यांचा पीएसएस बसल्या जागी ३१चा ४० होतो. अशा आकड्यावर अलर्ट कसा लावू? मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलरसुद्धा आरएसएस, स्वॅप (डिस्कवर हलवलेली पानं) आणि पेज टेबलं (कोणतं पान कुठे आहे याच्या नोंदी) धरूनच बळी निवडतो, पीएसएस बघत नाही.

साधा_वापरकर्ता
सरळ सीग्रुपचं (कर्नल प्रोसेसच्या ज्या गटाचा एकत्र हिशेब ठेवतो त्याचं) मेमरी.करंट बघा ना. पूर्ण सेवेचा एकच आकडा.

पेजफॉल्ट
त्यात पेज कॅशही (वाचलेल्या फाइलींची रॅममधली प्रत) धरलेली असते. मोठी लॉग फाइल वाचली की सेवा फुगलेली दिसते, आणि गरज पडली की कर्नल ती कॅश परत घेतो. बघायचंच तर मेमरी.स्टॅटमधली अ‍ॅनॉनची, म्हणजे फाइलींची नसलेल्या मेमरीची, ओळ बघा.
रात्रपाळी, यूएसएसचं मान्य. पण पानं स्वॅपमध्ये गेली की आरएसएस उतरतो, लीक (घेतलेली मेमरी न सोडणं) मात्र चालूच. तुमचा अलर्ट तेव्हाच गप्प बसेल.

रात्रपाळी
म्हणून मी आरएसएसमध्ये व्हीएमस्वॅप (प्रोसेसची स्वॅपमध्ये गेलेली मेमरी) मिळवूनच आलेख काढतो. प्रॉकमधल्या स्टेटस फाइलीत दोन्ही ओळी असतात. पीएसएससाठी कर्नलला प्रोसेसची पेज टेबलं धुंडाळावी लागतात. ४० जीबीच्या डेटाबेसवर दर १० सेकंदांनी मी ते करणार नाही.

पेजफॉल्ट
दर १० सेकंदांनी नकोच. पण नवी रॅम मागण्याआधी एकदा तरी करा.