बागेतल्या लाल चिप्स कोणाला विचारून टाकल्या?

ए-१०२ (सकाळी ७:१२)
सुप्रभात. रात्रीच्या पावसानंतर आमच्या पायरीवर लाल ओघळ आलेत. मुलीचे हात कोपरापर्यंत तांबडे झालेत, साबणाने निघत नाहीयेत. काल बागेत माती झाकायला त्या लाल रंगवलेल्या लाकडाच्या चिप्स कोणाला विचारून पसरल्या? ती रोज तिथे मातीत खेळते हे सगळ्यांना माहीत आहे.

सेक्रेटरी
सुप्रभात ताई. मागच्या मिटिंगमध्ये ठरलं होतं. इतिवृत्त ग्रुपवर टाकलंय. आपण त्या दिवशी नव्हता.

ए-१०२
वाचलंय मी. "बागेत आच्छादन टाकावे" एवढंच आहे त्यात. रंगवलेलं, असं कुठे लिहिलंय?

बी-३०४
बुंध्याला चिकटवून ढीग लावू नका. चार बोटं तरी जागा मोकळी ठेवा. मागच्या वर्षीही लिहिलं होतं.

ए-५०३
आमचं कुत्रं काल तिथे लोळून आलं. पांढरं गेलं होतं, तांबडं परतलं. बायकोने आधी दारच उघडलं नाही 😀

ए-१०२
दादा, मला हसू येत नाहीये. त्या रंगात काय असतं ते कोणी सांगेल का?

सी-२०१
ताई, रंगाची फार धास्ती घेऊ नका. लाल आणि तपकिरी रंग बहुतेक वेळा आयर्न ऑक्साइडचा असतो, म्हणजे गंजाच्याच जातीचा. काळा असेल तर कार्बन ब्लॅक. नीट वाळायच्या आत पाऊस पडला की तो असा वाहतो. हात धुऊन हळूहळू निघेल. तोवर तिला तिथे खेळायला सोडू नका, कारण मला भीती रंगाची नाही, खालच्या लाकडाची आहे.

खजिनदार
लाकूड ते लाकूड. त्यात कसली भीती?

सी-२०१
सांगते. ताजं, ओलं लाकूड रंग नीट धरत नाही, जुनं वाळकं धरतं. म्हणून रंगीत मालात मोडके पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी), पाडकामातल्या फळ्या येण्याची शक्यता जास्त. त्यात एखादी फळी वाळवी लागू नये म्हणून क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिकच्या मिश्रणात मुरवलेली निघाली, तर ते आर्सेनिक आपल्या मातीत उतरणार. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी हे मिश्रण २००३ च्या अखेरीस थांबवलं, पण त्याआधी बांधलेलं अजून मोडून निघतंय. अशा लाकडावर हिरवट झाक असते. रंग मारल्यावर ती दिसणार कशी?

सेक्रेटरी
ताई, आपण नेहमी वाईटच गृहीत धरता. गेटमधून आत आल्यावर बाग नीटनेटकी दिसावी एवढाच हेतू होता. साध्या चिप्स काही महिन्यांत राखाडी पडतात, मग त्यावरही तक्रारी येतात.

सी-२०१
राखाडी वरून दिसतं, उन्हामुळे. खाली ते कुजत असतं, आणि मला तेच हवंय. गांडुळं येतात, माती भुसभुशीत होते. रंग तरी कुठे कायमचा? वर्षभरात तोही विटतो.

बी-३०४
बुंध्याला चिकटवून ढीग लावू नका. चार बोटं मोकळी ठेवा.

बी-१०१
लाकूड कुजलं की वाळवी येणार. तळमजल्यावर आम्ही राहतो, पाचव्या मजल्यावरून बोलणं सोपं आहे.

सी-२०१
मी दुसऱ्या मजल्यावर राहते. वाळवी साध्यालाही लागते, रंगीतलाही. ती ओलीच्या मागे येते. भिंतीपासून अर्धा फूट पट्टा कोरडा ठेवा. आणि विकत तरी कशाला आणायचं? आपलाच पालापाचोळा रोज गोण्या भरभरून बाहेर जातो. तो वाळवून ३ इंच पसरला तरी ओल टिकते, तण कमी येतं.

बी-१०१
पाला नको. कंपोस्टच्या पिंपाचं काय झालं ते आठवतंय ना?

सी-२०१
चांगलंच आठवतंय. पिंप चालू होतं. झाकण कोणी उघडं ठेवलं आणि ओला कचरा कोणी कोंबला, हेही आठवतंय.

बी-१०१
नाव घेऊन बोला.

सेक्रेटरी
कृपया विषयाला धरून बोलावे.

ए-५०३
विषयाचंच विचारतो. गेल्या वेळी साध्या चिप्स टाकल्या तेव्हा माझे गुलाब पिवळे पडले होते. मग साधं चांगलं कसं?

सी-२०१
दादा, तुम्ही त्या कुदळीने मातीत मिसळल्या होत्या. मी खिडकीतून बघितलं होतं. लाकूड मातीत गाडलं की ते कुजवणारे जिवाणू आजूबाजूचा नत्र ओढून घेतात, झाड उपाशी राहतं. वरच्या वर पसरलं तर हा परिणाम अगदी पृष्ठभागापुरता राहतो, मुळांपर्यंत पोचत नाही.

ए-५०३
अरेच्चा. मग मी उगाच माळ्याला बोललो. आज त्याच्याशी बोलतो.

ए-१०२
सेक्रेटरी साहेब, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. लाकूड कुठलं आहे?

सेक्रेटरी (९:४०)
पुरवठादाराला आत्ता फोन केला. "मिक्स लाकूड आहे" म्हणाला. लेखी मागितल्यावर गप्प बसला.

ए-१०२
झालं मग.

खजिनदार
१४ गोण्या अजून उघडलेल्या नाहीत. एक आत्ता उघडून पाहिली, आंबूस वास येतोय, नाकात जातो. हे रंगाचं आहे का?

सी-२०१
नाही. ओला माल हवाबंद राहिला की आतून आंबतो, आम्ल तयार होतं. तसाच टाकला तर कोवळी रोपं एका दिवसात करपतात. चांगल्या चिप्सना ओल्या मातीचा वास येतो. त्या १४ परत करा. मुलं खेळतात तो कोपरा आणि भाजीचा वाफा, तिथलं आजच उचलून घ्या. बाकीचं तुम्ही ठरवा, पण मी माझ्या वाफ्यात पाला घालणार आहे, कोणाला आवडो न आवडो.

खजिनदार
परत करतो. त्या कोपऱ्याचं ताईंचं बरोबर आहे, माझी नातही तिथेच असते.

बी-३०४
बुंध्याला चिकटवून ढीग लावू नका.

सेक्रेटरी
काका, तिसऱ्यांदा झालं. वाचलंय सगळ्यांनी.

ए-१०२ (१०:०५)
वाचलं असेल, पण केलेलं नाही. जास्वंदीचा फोटो टाकलाय, बघा. गुडघ्याएवढा ढीग आहे. बोटाने बाजूला केला तर साल ओली, मऊ, खाली मुंग्यांची रांग. काका बरोबर सांगत होते.

सेक्रेटरी
बघितला फोटो. काका, माफ करा. माळ्याला लगेच पाठवतो.

बी-३०४
मी खालीच उभा आहे. त्याला खुरपं आणू देऊ नका, हातानेच काढायला सांगा. मुळं ढिगात वर आली आहेत, तुटतील.