दाढेची सूज, कानातली कळ आणि मस्तिष्कस्तंभ

प्रश्न (पंचवटी, नाशिक)
माझ्या आईच्या खालच्या दाढेत पू झाला होता. कळ थेट कानात आणि कानशिलात जात असे, आणि पहाटे गोदाकाठच्या गारठ्यात गालाला मफलर नुसता लागला तरी ती कळवळत असे. कान मात्र तपासणीत निर्दोष निघाला. जिथे दाहच नाही तिथे स्पर्श का झोंबावा, आणि यात चेतापेप्टाइडांचा (चेतातंतूंतून सुटणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांचा) वाटा कोणता?

उत्तर (दंतवैद्यकाचा निवृत्त अध्यापक, नाशिकरोड)
ताई, चेहऱ्याच्या वेदना वाहून नेणारे ट्रायजेमिनल चेतेचे तंतू मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) शिरून मानेतील मज्जारज्जूपर्यंत उतरणाऱ्या एका लांबट केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या समूहात, संपतात. त्याच्या सर्वांत खालच्या, कॉडॅलिस नावाच्या भागात दाढ, जबड्याचे स्नायू आणि कानाभोवतीची त्वचा यांचे तंतू पुष्कळदा एकाच चेतापेशीवर येऊन मिळतात, त्यामुळे कळ नेमकी कुठून आली हे मेंदूला ओळखता येत नाही.

पेप्टाइडे या तंतूंच्या दोन्ही टोकांना सुटतात. दाढेकडच्या टोकाला सीजीआरपी नावाचे पेप्टाइड रक्तवाहिन्या रुंदावते आणि सब्स्टन्स पी हे दुसरे पेप्टाइड त्यांतून द्रव पाझरू देते. दाताच्या कठीण कवचाआड सुजेला जागाच नसल्याने दाब वाढतो व ठणका लागतो. मस्तिष्कस्तंभाकडच्या टोकाला ग्लुटामेट हे चेतासंदेशक द्रव्य तातडीचा निरोप देते, तर सब्स्टन्स पी एनके-१ ग्राहकांवर (पेशीवरच्या, तिचा निरोप घेणाऱ्या जागांवर) बसून पेशीला बराच वेळ उत्तेजित ठेवते, त्यामुळे ग्लुटामेटचा निरोप घेणाऱ्या एनएमडीए ग्राहकांना अडवणारे मॅग्नेशियम दूर होते, पेशी अधिकाधिक हळवी होत जाते आणि एरवी दुर्लक्षित राहणारा मफलरचा स्पर्शही तिला वेदनेसारखा पोचतो. (१९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत व आतड्यात सापडलेल्या सब्स्टन्स पी या द्रव्याच्या नावातला ‘पी’ हा ‘पेन’चा नसून ‘पावडर’चा आहे.)

उत्तर (भूलतज्ज्ञ, गंगापूर रोड)
सरांच्या विवेचनाला एक पुरवणी जोडतो. सब्स्टन्स पीला सारे श्रेय देणे मला धाडसाचे वाटते, कारण एनके-१ ग्राहक अडवणारी औषधे प्राण्यांत आशादायक ठरूनही माणसांच्या वेदनेवर अपयशी ठरली आणि त्यांपैकी अ‍ॅप्रेपिटंट आज केमोथेरपीतील उलट्यांसाठी वापरले जाते. सीजीआरपीची गोष्ट निराळी आहे. तिचा ग्राहक अडवणाऱ्या एरेनुमॅबला २०१८ मध्ये अमेरिकेत अर्धशिशीसाठी मान्यता मिळाली. शिवाय मस्तिष्कस्तंभातूनच खाली येणारे तंतू कॉडॅलिसमधली वेदना कमी-जास्त करतात. वेदना वाढवणाऱ्या ‘ऑन’ आणि दाबणाऱ्या ‘ऑफ’ अशा दोन्ही पेशी लंबमज्जेत, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागात, असतात. जागरणाने व धास्तीने दुखणे बळावते, त्यात या वाटेचाही हात आहे.

प्रश्नकर्ती
रूट कॅनालनंतर सूज उतरली, तरी गालाला स्पर्श आणखी चार दिवस सहन होत नव्हता. तेही यामुळेच का?

उत्तर (निवृत्त अध्यापक)
बहुधा होय, दाढेकडून येणारा मारा थांबला, तरी पेशींचा हळवेपणा ओसरायला काही दिवस लागतात. मात्र काही आठवड्यांनंतरही नुसत्या स्पर्शाने कळ उठत असेल, तर शेजारची दाढ काढून घेण्याची घाई न करता आधी चेतेची तपासणी करून घ्यावी.